उत्तरेला जाताना चार मासे, परतीला एकही नाही: लेक मिशिगनवर सॅमन ट्रोलिंग करताना येणारी नेहमीची अडचण

लेक मिशिगन हे अमेरिकेतल्या पाच महासरोवरांपैकी एक. तिथे ट्रोलिंग करणाऱ्या, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासे पकडणाऱ्या ओळखीच्या मराठी मंडळींचे जुलै-ऑगस्टमध्ये मला जे फोन येतात, त्यातले निम्मे एकाच तक्रारीचे असतात. "सकाळी किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे निघालो, दोन तासांत चार किंग (चिनूक सॅमन) लागले. तिथून फिरलो. आमिषं तीच, खोली तीच, वेग तोच. बंदरापर्यंत एक रॉड हलला नाही. पुन्हा उत्तरेला तोंड केलं, तर दहा मिनिटांत मासा!" कधी दिशा उलटी असते, कधी उत्तर-दक्षिणेऐवजी पूर्व-पश्चिम असते, पण दुखणं तेच. एका बाजूला जाताना मासा लागतो, दुसऱ्या बाजूला जाताना लागत नाही.

यावर बहुतेक जण आमिषाचा रंग बदलतात. हिरवा फ्लॅशर (आमिषाच्या पुढे लावलेली, पाण्यात फिरणारी चकचकीत पट्टी) काढून पांढरा, पांढरा काढून निळा. त्यात तास-दीड तास जातो आणि ऊन वर आलं की मासा खोल जातो. पण विचार करून बघा, उत्तरेला जाताना ज्या हिरव्या फ्लॅशरमागे किंग धावून आला, तोच फ्लॅशर दक्षिणेला जाताना त्याला नकोसा होण्याचं काही कारणच नाही. वेगाची शिक्षा रंगाला देऊ नका. तुमचा वेग बदललाय, आणि तो तुम्हाला दिसत नाहीये.

मी मिलवॉकीच्या उत्तरेला पोर्ट वॉशिंग्टनहून एकवीस फुटी बोट काढतो. बरोबर बहुतेक वेळा मुलगी असते. विस्कॉन्सिनमध्ये माणशी तीन दोऱ्या चालतात, म्हणजे आमच्या दोघांच्या सहा: दोन डाउनरिगर, दोन डिप्सी (दोरीला खाली आणि बाजूला ओढून नेणारी चकती), दोन लेडकोर (आत शिसं असलेली, स्वतःच्या वजनाने बुडणारी दोरी). ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की डाउनरिगर म्हणजे बोटीच्या मागच्या कठड्यावर बसवलेलं तारेचं रीळ. तारेच्या टोकाला दहा ते पंधरा पौंडांचा शिशाचा गोळा. मासेमारीची दोरी त्या तारेला चिमट्याने अडकवायची आणि गोळा हवा तितका खाली सोडायचा. मासा लागला की चिमटा सुटतो आणि मासा थेट रॉडवर येतो. कोकणात सुरमईसाठी बोटीमागे गळ ओढत नेतात तेच हे, फक्त इथे आमिष पृष्ठभागापासून ऐंशी-नव्वद फूट खाली, ठरलेल्या पातळीवर चालवायचं असतं.

(जाता जाता: आपल्याकडे रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, त्याचा या माशाशी काही संबंध नाही. आणि हा मासा मूळचा या तलावाचाही नाही. नायगारा धबधब्याला वळसा घालणाऱ्या वेलँड कालव्याच्या वाटेने वरच्या महासरोवरांत शिरलेला एलवाइफ नावाचा छोटा मासा बेसुमार वाढला, तेव्हा मिशिगन राज्याच्या मत्स्यखात्याने हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने 1966 मध्ये कोहो आणि 1967 मध्ये चिनूक, म्हणजे ज्याला सगळे किंग म्हणतात तो, पॅसिफिक किनाऱ्यावरून आणून सोडला. किंग आजही मुख्यतः एलवाइफ खाऊनच जगतो. आपला स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, त्या एलवाइफसारखा दिसायला आणि हलायला हवा, ही या सगळ्या खटाटोपामागची गोष्ट.)

आधी खात्री करा की आजार हाच आहे

दिशेचा प्रश्न आणि सरसकट मासा न लागण्याचा प्रश्न वेगळे आहेत. गळ बोथट झालाय, लीडरला (दोरीच्या टोकाचा, आमिषाला जोडलेला तुकडा) चरा पडलाय, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) अडकतंय, किंवा उन्हाळ्यात दोरीवर त्या काटेरी पाणपिसवांचा बुळबुळीत कापसासारखा गोळा जमलाय, तर मासा दोन्ही दिशांना लागणार नाही. ही चार कामं पाच मिनिटांत होतात. गळ नखावर टेकवा, घसरला तर धार लावा किंवा बदला. लीडर दोन बोटांमधून ओढा. स्विव्हल फिरवून पाहा. दोरी पुसा. एवढं करून पुढे जा.

दुसरा संशयित म्हणजे लाटा. लाटेच्या अंगावर जाताना बोट अडखळत चालते आणि लाट पाठीमागून आली की धक्क्याधक्क्याने पुढे पळते. जीपीएसवर सरासरी दोन्हीकडे ताशी अडीच मैल दिसेल, पण आमिषाला मात्र कधी दीड, कधी साडेतीन मिळतो. दोन फुटांपेक्षा मोठ्या लाटा असतील तर आधी हे कारण धरा, आणि तिरकं जाऊन पाहा. पण तलाव काचेसारखा शांत आहे आणि तरीही एकच दिशा चालतेय, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

वरचं पाणी आणि खालचं पाणी

आपल्या कोकणातल्या माणसाला इथे सुरुवातीला एक गोष्ट चकवते. समुद्रावर पाणी का ओढतंय हे भरती-ओहोटीवरून कळतं. या तलावांना भरती म्हणण्याजोगी भरती नाही, चंद्र-सूर्यामुळे होणारा चढउतार पाच सेंटिमीटरपेक्षाही कमी असतो. म्हणून माणूस धरून चालतो की खालचं पाणी स्थिर आहे. ते स्थिर नसतं. मुख्यतः वारा त्याला ढकलतो, आणि वारा पडल्यावरही ते दिवसेंदिवस हलत राहतं.

उन्हाळ्यात तलावाचे दोन थर होतात. वर सत्तर अंश फॅरनहाइटच्या आसपासचं उबदार पाणी, खाली पंचेचाळीसच्याही खालचं गार पाणी, आणि मध्ये एक पातळ पट्टा जिथे तापमान झपाट्याने उतरतं. हा पट्टा म्हणजे थर्मोक्लाइन. कधीकधी तो इतका तीव्र असतो की दर फुटाला एकेक अंश पडतो. किंगला साधारण 44 ते 54 अंशांचं पाणी लागतं, म्हणून तो या पट्ट्याच्या तळाशी किंवा जरा खाली फिरतो. आता मुद्द्याची गोष्ट: हे दोन थर एकमेकांवर जवळजवळ घसरतात. वरचा उत्तरेला सरकत असताना खालचा दक्षिणेला सरकत असू शकतो, आणि तसं वारंवार होतं. बोट वरच्या थरात, गोळा खालच्या थरात, आणि जीपीएस मोजतो जमिनीच्या तुलनेतला वेग. म्हणजे आमिषाला पाण्यातून किती वेग मिळतोय हे त्या आकड्यात कुठेच नाही.

सरळ हिशेब मांडतो. समजा नव्वद फुटांवरचं पाणी दक्षिणेकडे ताशी 0.7 मैलाने वाहतंय. तुम्ही जीपीएसवर 2.5 धरून उत्तरेला चाललात तर आमिषाला पाण्यातून 3.2 मिळतात. फिरून दक्षिणेला 2.5 ने आलात तर 1.8. एका फेरीत फ्लॅशर गरगर फिरतोय, दुसऱ्या फेरीत तो आळसावून लटकलाय. आणि तुम्ही मात्र दोन्ही वेळा 'वेग तोच ठेवला' असं मनापासून सांगता.

इतकंच असतं तरी ठीक होतं. यातून दुसरा घोटाळा होतो तो खोलीचा. पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1.8 वरून 3.2 म्हणजे वेग पावणेदोनपट, पण गोळ्यावर आणि तारेवर ओढ तिपटीहून जास्त. मंद फेरीत तार उभ्या रेषेपासून दहा अंश मागे झुकली असेल, तर वेगवान फेरीत ती एकोणतीस अंशांच्या आसपास जाते. शंभर फूट तार सोडली असेल तर पहिल्या वेळी गोळा अठ्ठ्याण्णव फुटांवर, दुसऱ्या वेळी सत्त्याऐंशीवर. तार प्रत्यक्षात थोडी वाकते, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे आहेत, पण अकरा फुटांचा फरक थर्मोक्लाइनच्या काठावर म्हणजे आठ-दहा अंशांचा फरक. डाउनरिगरच्या काउंटरवर (किती तार सोडली ते दाखवणारा आकडा) दोन्ही वेळा 100 दिसतंय. तुम्ही वेगळ्याच पाण्यात चालताय.

ती सकाळ

मला हे पुस्तकातून समजलं होतं. पण पटलं ते एका जुलैच्या सकाळी, 120 फूट पाण्यावर, वारा अजिबात नसताना. उत्तरेला तीन मासे घेऊन आम्ही परत फिरलो होतो. मी मागे आमिषाच्या पेटीत डोकं घालून पांढरा फ्लॅशर शोधत होतो. मुलगी सुकाणूवर होती. ती मागे वळून म्हणाली, "बाबा, पेटी राहू दे. तू ती वायर बघ आधी."

मी बघितलं. उत्तरेला जाताना डाउनरिगरची तार मागे ताणलेली होती, पाण्याला कापत जात होती, तिच्यामागे पाण्यावर छोटी इंग्रजी व्ही आकाराची रेघ उमटत होती, आणि तारेवर बोट ठेवलं तर ती गुणगुणत होती. आता तीच तार जवळजवळ उभी होती. पाण्यात शिरत होती तिथे साधी सुरकुतीही नव्हती. बोट ठेवलं तर मुकी. शेजारी डिप्सीचा रॉड, जो उत्तरेला जाताना फ्लॅशरच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर टोकाला ठक-ठक मान हलवत होता, तो आता नुसता वाकून उभा होता. आणि फिशफाइंडरच्या पडद्यावर गोळ्याची सरळ आडवी रेघ स्पष्ट दिसत होती. उत्तरेला जाताना ती रेघ दिसतच नव्हती, आणि मी समजत होतो की यंत्र जरा बिघडलंय.

यंत्र ठीक होतं. फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर बोटीखालून पाण्यात ध्वनी सोडतो, त्या ध्वनीचा शंकू साधारण वीस अंशांचा असतो. नव्वद फुटांवर तो बोटीच्या मागे जेमतेम पंधरा-सोळा फूट पाहतो. तार एकोणतीस अंश मागे गेली की गोळा अठ्ठेचाळीस फूट मागे पडतो आणि शंकूबाहेर जातो. गोळा पडद्यावर दिसणं आणि गायब होणं हेच तुमचं फुकटचं वेगमापक आहे.

तिने मला न विचारता थ्रॉटल पुढे केला. जीपीएस 3.1. मी ओरडलो, "अगं, एवढ्या वेगात कोण ट्रोल करतं!" ती म्हणाली, "वायर उत्तरेसारखी झाली की थांबते." तार मागे झुकली, गुणगुणायला लागली, डिप्सीचं टोक पुन्हा ठोकायला लागलं. पाव तासाने डाव्या डाउनरिगरवरून किंग लागला, दक्षिणेला जाताना, त्या दिवसाचा परतीचा पहिला.

प्रोब नसेल तर

ज्यांच्याकडे गोळ्यावर लावायचा वेग-तापमानाचा प्रोब आहे, फिश हॉक वगैरे, त्यांना खालचा वेग आणि तापमान सरळ पडद्यावर मिळतं. परवडत असेल तर माझ्या मते दहा नवे फ्लॅशर घेण्यापेक्षा हा खर्च आधी करावा. पण नसेल तरी अडत नाही.

फोनमधलं कोनमापकाचं ॲप उघडा. दोन्ही दिशांना, गोळा एकाच खोलीवर असताना, तारेचा उभ्या रेषेपासूनचा कोन मोजा. पाण्याचा शिंतोडा लागेल म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मासा लागतो त्या दिशेचा कोन कागदावर लिहा. परतताना थ्रॉटल असा लावा की तोच कोन मिळेल. तुम्हाला खालच्या पाण्याचा वेग कळलेला नाही, पण तुम्ही आमिषाला तोच वेग दिलात आणि तीच खोलीही दिलीत. एकाच मोजमापात दोन्ही घोटाळे मिटतात, म्हणून मला ही युक्ती सगळ्यांत आवडते.

एक अट आहे. दोन्ही फेऱ्यांत गोळा तोच, तार तीच, आणि तारेवर अडकवलेल्या वस्तू त्याच हव्यात. अकरा इंची फ्लॅशर ओढणारी तार आणि साधा स्पून ओढणारी तार यांचे कोन तुलना करण्याजोगे नाहीत.

पूर्ण शांत दिवस असेल तर आणखी एक तपासणी करता येते. सगळ्या दोऱ्या वर घ्या, इंजिन न्यूट्रलला टाका, बोट स्थिरावू द्या, आणि रिकामा गोळा नव्वद फूट सोडा. तार ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला खालचं पाणी वरच्या पाण्याच्या तुलनेत वाहतंय. पाच मिनिटांत दिशा कळते. वारा असेल तर हे करू नका, बोट वाऱ्याने सरकते आणि तार खोटं सांगते.

वेग लावायचा कसा

आता गणित उलटं करा. माझ्या अनुभवात फ्लॅशर-फ्लायला (फ्लॅशरमागे झुपकेदार धाग्यांचं आमिष) खाली 2.2 ते 2.5 मैल लागतात, स्पून 2.4 ते 2.8 मध्ये उत्तम हलतो. आधीच्या उदाहरणात, जिथे खालचं पाणी 0.7 ने दक्षिणेला जातंय, तिथे आमिषाला 2.5 हवे असतील तर उत्तरेला जीपीएसवर 1.8 ठेवा आणि दक्षिणेला 3.2. जीपीएसवर 1.8 बघून हात आपोआप थ्रॉटलकडे जातो. जाऊ देऊ नका. त्या आकड्यावर माझे वर्षानुवर्षं वाया गेलेले परतीचे फेरे आहेत.

एकदा फरक कळला की तो दर अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. थोडी खोली बदलली तरी फरक बदलतो, कारण तुम्ही थर्मोक्लाइनच्या वर आलात की दुसऱ्याच पाण्यात येता.

इथे एक खरी अडचण येते आणि तिला पूर्ण उत्तर नाही. वरच्या दोऱ्या वरच्या थरात चालतात. समजा वरचं पाणी 0.3 ने उत्तरेला सरकतंय. तुम्ही उत्तरेला 1.8 ने चाललात, तर खालच्या गोळ्याला 2.5 मिळाले, पण पृष्ठभागाजवळच्या दोरीला फक्त 1.5. परतीला 3.2 ठेवलात तर वर साडेतीन. दोन्ही थर एकाच वेळी खूश करता येत नाहीत. मी काय करतो सांगतो: मासे कुठे आहेत ते बघून एका थराला मालक ठरवतो. पडद्यावर किंग सत्तर ते शंभर फुटांत असतील तर डाउनरिगरला मान देतो आणि वरच्या दोऱ्यांना त्या वेगाला चालणारं आमिष लावतो. हळू जाताना पातळ, हलका स्पून, जो दीड मैलावरही डुलतो. वेगात जाताना जाड, जड स्पून, जो गरगर फिरत नाही. दर फेरीला आमिष बदलण्याचा कंटाळा येतो, पण लेडकोरवर एक हलका आणि एक जड असा जोड कायम ठेवला तर प्रत्येक दिशेला निदान एक दोरी जागी असते.

लेडकोरचं आणखी एक लक्षात ठेवा. दर दहा यार्डांना तिचा रंग बदलतो, म्हणून दहा रंग म्हणजे शंभर यार्ड शिसं-भरली दोरी. पाण्यातून दोन ते अडीच मैलांच्या वेगाला एक रंग साधारण पाच फूट बुडतो, म्हणजे दहा रंगांना पन्नास फूट. वेग कमी झाला की हीच दोरी बरीच खोल जाते, वाढला की वर येते. 300 फूट तांब्याची तार साधारण पासष्ट ते सत्तर फूट जाते आणि तिलाही हाच नियम लागू. मंद फेरीत लेडकोरवर अचानक मासा लागायला लागला, तर आमिष आवडलं असं लगेच समजू नका. ती दोरी बुडून माशाच्या पातळीला पोहोचली असण्याची शक्यता जास्त. लगेच अकराव्या-बाराव्या रंगापर्यंत सोडून वेगवान फेरीतही तिथेच ठेवून बघा.

वळण हीच तपासणी

प्रोब नाही, ॲप नाही, तरी बोट वळवताना तलाव तुम्हाला उत्तर देतो. वळणाच्या आतल्या बाजूच्या दोऱ्या मंदावतात आणि खाली जातात. बाहेरच्या बाजूच्या वेग पकडतात आणि वर येतात. मासा आतल्या रॉडवर लागला, तर सरळ चालताना वेग कमी करा, किंवा गोळा पाच फूट खाली घाला. बाहेरच्या रॉडवर लागला, तर वेग वाढवा. एका वळणावर भरवसा ठेवू नका, दोन-तीन वळणांत तेच दिसलं तर मात्र मुळीच रेंगाळू नका. म्हणून परतीच्या फेरीत काही लागत नसेल तेव्हा मी सरळ रेषा सोडतो आणि सापासारखा नागमोडी जातो. रुंद, आळशी वळणं. घट्ट वळण घेतलंत तर डाउनरिगरच्या तारा एकमेकींत गुंततात आणि पुढचा तास सोडवण्यात जातो.

प्रवाह आडवा असेल तर तो वेगाआधी तारांवर दिसतो. दोन्ही तारा मागे न जाता एकाच बाजूला झुकतात. तसं झालं तर वेगाशी खेळू नका, दिशा बदला. बोटीचं तोंड थोडं थोडं फिरवत राहा, तारा सरळ मागे येईपर्यंत. जी दिशा मिळेल ती तुमची आजची दिशा, मग ती किनाऱ्याला समांतर असो वा नसो. बऱ्याचदा ती तिरकी असते आणि बंदरापासून लांब नेते. मी जातो.

उद्या पुन्हा का बदलतं

"काल उत्तर चालत होती, आज दक्षिण चालतेय, हे काय?" हाही नेहमीचा प्रश्न. याचं उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात आहे. वाऱ्याने ढकललेलं तलावाचं पाणी वारा पडला तरी थांबत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे त्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गोल फिरत राहते. मिलवॉकीच्या अक्षांशाला, म्हणजे 43 अंशांना, हा एक फेरा साधारण साडेसतरा तासांत पुरा होतो. चोवीस तासांत एक पूर्ण फेरा होऊन वर एक तृतीयांशाहून जरा जास्त होतो. म्हणून काल पहाटे पाच वाजता जे पाणी दक्षिणेला चाललं होतं, ते आज पहाटे पाच वाजता वायव्येकडे चाललेलं असू शकतं. यावर किनाऱ्यालगतचे प्रवाह आणि नव्या वाऱ्याची भर पडते, त्यामुळे घड्याळ लावून अंदाज बांधता येत नाही. पण कालचा वेग आज आंधळेपणाने लावू नये, एवढं यावरून नक्की कळतं. आणि एकाच दिवसात सकाळी सहाला चालणारी दिशा दुपारी बाराला का मरते, तेही कळतं. सहा तासांत ते पाणी जवळजवळ सव्वाशे अंश फिरलेलं असतं.

वाऱ्याचा दुसरा परिणाम खोलीवर होतो, तो वेगळा ओळखायला हवा. आमच्या विस्कॉन्सिनच्या बाजूला पश्चिमेचा किंवा दक्षिणेचा वारा दोन-तीन दिवस राहिला की उबदार पाणी तलावाच्या आत ढकललं जातं आणि किनाऱ्याजवळ खालचं गार पाणी वर येतं. अशा सकाळी बंदराच्या तोंडाशीच पृष्ठभाग पन्नास अंशांच्या आसपास लागतो आणि किंग चाळीस फूट पाण्यात येऊ शकतो. उत्तरेच्या वाऱ्याने उलट होतं, उबदार थर किनाऱ्यावर जाडावतो आणि मासा खोल जातो. जर दोन्ही दिशांना मासा नाही आणि काल भरपूर होता, तर आधी वाऱ्याकडे आणि तापमानाकडे बघा.

मी प्रत्येक माशामागे वहीत पाच गोष्टी लिहितो: वेळ, बोटीची दिशा, जीपीएसचा वेग, तारेचा कोन किंवा प्रोबचा वेग, आणि कुठला रॉड. रंग सहावा, आणि तो रकाना रिकामा राहिला तरी मला चालतो. मुलीच्या अक्षरातल्या नोंदी माझ्यापेक्षा नीट आहेत, कारण तिने दिशेसाठी शब्दांऐवजी कंपासचे अंश लिहायची सवय लावली. '340' लिहिलेलं असलं की त्याच रेषेवर पुन्हा जाता येतं. 'उत्तरेकडे' लिहिलेलं असलं की माणूस वीस अंश इकडे-तिकडे जातो, आणि आडव्या प्रवाहात वीस अंश पुष्कळ होतात.

एवढं सगळं करूनही काही दिवस परतीची फेरी जमत नाही. खालचा प्रवाह ताशी एक मैलाच्या वर गेला की त्याच्याच दिशेने परतताना आमिषाला पुरेसा वेग द्यायला जीपीएसवर साडेतीन-चार ठेवावे लागतात. तेवढ्या वेगात वरच्या दोऱ्या पाण्यावर उड्या मारतात आणि बोटीला वळणही नीट घेता येत नाही. अशा दिवशी मी भांडत बसत नाही. माशांच्या पट्ट्याच्या शेवटाला पोहोचलो की सहाही दोऱ्या वर घेतो, गोळे कठड्यावर बांधतो, बोट मोकळी पळवत दोन-तीन मैल मागे सुरुवातीच्या जागी नेतो आणि त्याच दिशेला, त्याच कोनात पुन्हा सोडतो. दोघे असलो तर दोऱ्या उचलून पुन्हा लावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. सकाळी सातच्या आत असेन तर मी हे लगेच करतो. नऊनंतर पट्ट्यात किती मासे दिसले होते ते आठवतो, आणि मोजून तीन तरी लागले असतील तरच दोऱ्या उचलतो.